लाजेपायी वर्ष दवडू नका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



विषयाला सुरुवात करण्याआधी एक विनंती. घरात मंडळी जमलेली असतील आणि रेडिओ चालू असेल, तर माझी पहिली दोन वाक्ये ऐकून लगेच बटण फिरवू नका. मी पुरुषांच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहे. डोळ्याचे, गुडघ्याचे, पोटाचे दुखणे असते, तसेच हेही एक. फरक इतकाच की गुडघा दुखला तर माणूस पारावर बसून चारचौघांना सांगतो आणि हे दुखणे तो बायकोलाही सांगत नाही.

दुखणे असे आहे. पन्नाशीच्या आसपास एखाद्या पुरुषाच्या लक्षात येते की ताठरतेच्या वेळी लिंगाला एका बाजूने बाक येतो आहे. पूर्वी नव्हता, आता येतो. हाताला कातडीखाली घट्ट गाठ किंवा पट्टी लागते. सुरुवातीचे काही महिने दुखतेही. मग हळूहळू दुसरी तक्रार सुरू होते. ताठरताच पुरेशी येत नाही, आली तर टिकत नाही. या दोन तक्रारींचे एकमेकींशी नाते काय, एवढेच मला आज सांगायचे आहे. कारण आमच्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा यातली एकच तक्रार सांगतो आणि दुसरी गिळून टाकतो. उपचार मात्र दोन्ही कळल्याशिवाय ठरवता येत नाहीत.

मी मूत्रविकारतज्ज्ञ नाही. धाराशिव जिल्ह्यात बरीच वर्षे जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंतची माणसे माझ्याकडे येतात. हा रुग्ण दवाखान्यात कसा येतो, ते मला चांगले माहीत आहे. तो कंबर दुखते म्हणून येतो, नाहीतर अशक्तपणा वाटतो, एखादे सलाईन लावा म्हणतो. तपासून होते, चिठ्ठी लिहून होते. तो उठतो, दारापर्यंत जातो आणि मागे वळून म्हणतो, ‘‘सायेब, जाता जाता एक इचारू का?’’ हा शेवटचा प्रश्न हाच त्याचा खरा आजार. त्याच्यासाठीच तो एसटीने वीस-पंचवीस किलोमीटर आलेला असतो.

जुनाच आजार

या आजाराला वैद्यकशास्त्रात पेरोनीचा आजार म्हणतात. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या पदरी असलेला शल्यचिकित्सक फ्रान्स्वा द ला पेरोनी याने १७४३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी ही गाठ नोंदवून ठेवली होती. पेरोनीने आपल्या रुग्णांना बारेज या गावच्या औषधी झऱ्यांचे पाणी सुचवले होते. सांगण्याचा मुद्दा हा की आजार काल-परवाचा नाही. तो मोबाइलच्या टॉवरमुळे निघालेला नाही आणि कुणाच्या करणीमुळे तर नाहीच.

तो फार दुर्मीळही नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात हजारो पुरुषांना प्रश्नावली पाठवून एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. तीत शंभरांत तीनहून थोड्या जास्त पुरुषांना ही गाठ असल्याचे आढळले. तेच प्रमाण धरले तर हजार प्रौढ पुरुषांच्या गावात तीसएक जण निघतील. त्या तिसांतल्या प्रत्येकाला मात्र वाटत असते की साऱ्या पंचक्रोशीत असा आपण एकटाच.

ताठरता येते कशी?

गाठ काय बिघडवते ते समजण्यासाठी आधी निरोगी शरीरात काय घडते ते पाहू. लिंगात दोन लांब नळ्यांसारखे भाग असतात. आत स्पंजासारखा मऊ भाग आणि त्याच्याभोवती चिवट, लवचीक आवरण. मनात इच्छा झाली की मज्जातंतूंमार्फत रोहिण्यांना निरोप जातो. त्या उघडतात, रक्त जोराने आत येते आणि स्पंज फुगतो. स्पंज फुगला की रक्त परत नेणाऱ्या बारीक नीला त्या आवरणाखाली दाबल्या जातात. आलेले रक्त आतच अडकते. हीच ताठरता. तिथे हाड नाही. रक्त आत येणे आणि आत अडकून राहणे, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून आहे.

शेतकरी श्रोत्यांना ठिबकच्या नळीवरून हे लगेच कळेल. मोटार चांगली ओढते आहे, पण नळीच्या टोकाचे बूच सैल आहे, तर नळीत दाब राहत नाही. बूच घट्ट आहे, पण मोटारच कमी ओढते, तरीही दाब येत नाही. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसते, पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोहोचत नाही. दुरुस्ती मात्र वेगवेगळ्या ठिकाणी करावी लागते.

आता पेरोनीच्या आजारात काय होते? त्या चिवट आवरणावर एका जागी घट्ट वण तयार होतो. सायकलच्या ट्यूबला एका अंगाने जाड ठिगळ लावून हवा भरून पाहा. ठिगळाचा भाग ताणत नाही, बाकीचा ताणतो आणि ट्यूब ठिगळाच्या बाजूला वळते. लिंगाचेही तसेच होते. वण वरच्या अंगाला असेल तर बाक वर, डाव्या अंगाला असेल तर डावीकडे. काहींच्या बाबतीत वण सगळीकडून आवळतो आणि मध्येच कंबर बारीक व्हावी तसा आकार येतो. लांबीही थोडी कमी होते.

हा वण का होतो? संभोगाच्या वेळी लिंग मुडपले, वाकले, की आवरणाला बारीकशी इजा होते, असे तज्ज्ञ मानतात. बहुतेकांची ती भरून येते. काहींच्या शरीरात मात्र जखम भरण्याचे काम जिथे थांबायला हवे तिथे थांबत नाही आणि घट्ट वण वाढत जातो. अनेकांना इजा झाल्याचे आठवतही नाही. यात अनुवंशाचाही भाग आहे. काही लोकांच्या तळहातात दोरीसारखी गाठ येते आणि करंगळी किंवा तिच्या शेजारचे बोट आत ओढले जाते, सरळ होत नाही. याला ड्युप्युट्रेनचा आजार म्हणतात. तो ज्यांना असतो, त्यांना पेरोनीचा आजार होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून डॉक्टरांनी अशा वेळी तुमचा तळहात उघडून पाहिला तर नवल वाटून घेऊ नका.

आणि हा आजार कशाने होत नाही, तेही ऐका. हा कॅन्सर नाही. हा बाहेरख्यालीपणाने लागलेला गुप्तरोग नाही, तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तो पुरुष नसबंदीने होत नाही. तरुणपणी केलेल्या हस्तमैथुनाची ही शिक्षा नाही. आणखी एक गोष्ट खास तरुण मुलांसाठी. थोडासा बाक अनेकांना जन्मापासूनच असतो. त्यात गाठ नसते, वेदना नसते, तो वाढत नाही. तो पेरोनीचा आजार नव्हे. लग्न ठरलेल्या मुलांनी त्यापायी झोप उडवून घेऊ नये. बाक फारच मोठा असेल तर त्यालाही शस्त्रक्रिया आहे.

दोन तक्रारी, चार दुवे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पेरोनीच्या रुग्णांत तिघांतल्या निदान एकाला ताठरतेचीही तक्रार असते, असे निरनिराळ्या अभ्यासांत दिसून आले आहे. हे कशाने होते, याची चार कारणे सांगतो.

पहिले कारण वणाचे. नीला दाबून धरण्याचे काम ज्या आवरणाने करायचे, तेच आवरण एका जागी कडक झालेले असते. तिथे नीला नीट दाबल्या जात नाहीत. आलेले रक्त झिरपून परत जाते. म्हणजे आपल्या ठिबकच्या नळीचे बूच सैल झाले. काही रुग्ण सांगतात की गाठीच्या अलीकडे ताठरता येते, पलीकडचा भाग मऊ राहतो.

दुसरे कारण मोटारीचे. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातली जास्त चरबी आणि तंबाखू यांनी रोहिण्या अरुंद होतात. रक्त आत येण्याचा जोरच कमी होतो. पेरोनीच्या रुग्णांत हे विकार पुष्कळदा सोबतीला असतात. त्यामुळे अनेकांच्या बाबतीत ताठरतेची कुरकुर गाठीच्या आधीपासूनच चालू असते. माणसाचे लक्ष मात्र गाठ दिसल्यावर जाते आणि सगळा दोष तो गाठीला देतो.

तिसरे कारण मनाचे. दुखेल ही भीती, जमणार नाही ही भीती, बायको काय म्हणेल ही भीती. भीतीने शरीरात जे रसायन उसळते, ते रोहिण्या आवळते. ताठरतेला नेमके उलटे हवे असते. एकदा जमले नाही की दुसऱ्या वेळी भीती दुप्पट होते. या आजाराच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्या लोकांत उदासीनतेची लक्षणे आढळली आहेत. हे मनाचे खेळ म्हणून हसण्यावारी न्यायचे नाही. तेही आजाराचेच अंग आहे.

चौथे कारण उलट दिशेने येते. ताठरता आधीच कमी असेल, तर अर्धवट ताठरतेत संभोगाचा प्रयत्न करताना लिंग मुडपण्याची शक्यता वाढते. तीच बारीक इजा, तोच वण. म्हणजे गाठीमुळे ताठरता कमी होते आणि कमी ताठरतेमुळे गाठीला निमित्त मिळते. बैल एकाच जागी घाण्याभोवती फिरावा, तसे हे चक्र आहे. ते कुठूनतरी तोडावे लागते.

साखर तपासा

हे ऐकताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. ताठरता कमी होणे ही तक्रार लिंगापुरती नसते. १९९४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस ते सत्तर या वयाच्या शंभर पुरुषांत बावन्न जणांना कमी-जास्त प्रमाणात ही तक्रार असल्याचे त्यात आढळले. मधुमेही माणसांत ती लवकर येते आणि जास्त प्रमाणात येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या कित्येकांना तो आहे हेच ठाऊक नाही.

आणखी एक हिशेब पाहा. लिंगाकडे जाणाऱ्या रोहिण्या एक ते दोन मिलिमीटर जाडीच्या. हृदयाच्या रोहिण्या तीन ते चार मिलिमीटरच्या. सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकाच वेगाने खराब होत असतील, तर आधी कोणती तुंबेल? बारीक असलेली. म्हणूनच ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसू शकते. ती निसर्गाने वेळेवर दिलेली सूचना असते. आपण ती लाजेपायी उशीखाली दडपून ठेवतो.

आपल्याकडे कुंथलगिरीचा पेढा आणि भूमचा खवा प्रसिद्ध आहे. ते खाऊन हा आजार होतो, असे मी म्हणणार नाही, नाहीतर मला भूमला कुणी येऊ द्यायचे नाही. पण चाळिशीनंतर साखर न तपासता पेढ्याचा पुडा उघडणारा माणूस स्वतःशीच खेळतो आहे, एवढे मात्र म्हणेन. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, खिशातल्या पुड्यांना मात्र तिचा पत्ता नाही. विडी, तंबाखू-चुना यांनी दात किडतात एवढेच लोकांना माहीत असते. ज्या रोहिण्यांची गोष्ट मी सांगतो आहे, त्याही त्यातच जातात.

एक उदाहरण सांगतो. कुणा एकाचे नव्हे, पाहिलेल्या अनेकांचे मिळून समजा. साठीकडे झुकलेला शेतकरी. तक्रार एवढीच, की पूर्वीसारखे जमत नाही, ताकदीची गोळी द्या. जत्रेतून आणलेले चूर्ण सहा महिने खाऊन झालेले. मी विचारले, ‘‘काका, वाकडं होतं का? गाठ लागते का हाताला?’’ ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुमाला कसं कळलं सायेब?’’ तीन वर्षे ते ओसरीवर वेगळे झोपत होते. घरात सांगितले होते की आत उकडते. थंडीतही उकडत होते. रक्त तपासले तर साखर तीनशेच्या पुढे. म्हणजे एका न विचारलेल्या प्रश्नाने गाठ, मधुमेह आणि संसारातला दुरावा, तिन्ही तीन वर्षे झाकून ठेवले होते.

पहिले वर्ष महत्त्वाचे

या आजाराचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा साधारण वर्षभराचा, काहींचा दीड वर्षापर्यंत चालतो. या काळात दुखते, गाठ बदलत असते, बाक वाढू शकतो. नंतर वेदना थांबते आणि बाक आहे तिथे स्थिर होतो. उपचार केले नाहीत तर साधारण शंभरांत दहा-बारा जणांचा बाक आपोआप कमी होतो, चाळीसएक जणांचा आहे तसा राहतो आणि उरलेल्यांचा वाढतो. वेदना मात्र बहुतेक सर्वांचीच जाते. इथेच माणूस फसतो. दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले, असे त्याला वाटते.

पहिल्या वर्षात गाठ विरघळवून टाकणारी हमखास गोळी आहे का? नाही, आणि हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या वर्षानुवर्षे लिहून दिल्या गेल्या, पण त्यांनी बाक कमी होतो असा पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली तसे लिहूनच ठेवले. मग पहिल्या वर्षात डॉक्टरकडे जायचे कशाला? वेदनेवर औषध मिळते म्हणून. कमी ताठरतेवर उपचार सुरू होतात आणि मुडपण्याची इजा टळते म्हणून. साखर आणि रक्तदाब हातात येतो म्हणून. काही रुग्णांना लिंग हळूहळू ताणणारे उपकरण रोज लावून फायदा होतो. काहींना गाठीत इंजेक्शन देतात. त्यातल्या एका इंजेक्शनाला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. त्याने बाक काही प्रमाणात कमी होतो, पूर्ण सरळ होण्याची हमी कुणी देत नाही. यातले तुमच्यासाठी काय योग्य, ते तज्ज्ञाने पाहून ठरवायचे.

तज्ज्ञ म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ, ज्यांना आपण यूरोलॉजिस्ट म्हणतो. मुतखड्यासाठी आपण ज्यांच्याकडे जातो, तेच. त्यांच्याकडे जाताना एक काम करा. घरी ताठरतेच्या वेळी स्वतःच्या फोनवर वरून आणि बाजूने असे दोन फोटो काढून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर बाक दिसत नाही, फोटोवरून तो मोजता येतो. फोटो फक्त डॉक्टरांना दाखवायचे, कुणाला पाठवायचे नाहीत. गरज पडली तर इंजेक्शनने ताठरता आणून सोनोग्राफीसारखी तपासणी करतात. मोटार कमी पडते की बूच गळते, ते तिच्यावरून कळते.

उपचार ताठरतेवर ठरतो

दोन्ही तक्रारी सांगा, असा आग्रह मी का धरतो, ते आता कळेल. बाक स्थिर झाल्यावर, म्हणजे आजार सुरू होऊन निदान वर्ष उलटल्यावर आणि मागचे काही महिने बाकात बदल नसल्यावर, शस्त्रक्रियेचा विचार करतात. थोड्या बाकाला शस्त्रक्रियेची गरजच नसते. संसारात अडचण होत नसेल तर आहे तसे राहू द्यावे.

अडचण होत असेल, पण ताठरता चांगली असेल, तर वणाच्या विरुद्ध बाजूला टाके घालून लिंग सरळ करतात. सोपी शस्त्रक्रिया आहे, लांबी मात्र थोडी घटते. बाक फार मोठा असेल तर वण कापून तिथे दुसरे ठिगळ बसवतात. ही अवघड आहे आणि हिच्यानंतर ताठरता कमी होण्याचा धोका असतो. म्हणून ज्याची ताठरता आधीच कमी, त्याच्यासाठी हा मार्ग नाही. त्याने ताठरतेची तक्रार लपवली, शस्त्रक्रिया झाली आणि नंतर उरलीसुरली ताठरताही गेली, तर दोष कुणाचा? गोळ्यांनीही ताठरता येत नसेल आणि बाकही असेल, तर लिंगात कृत्रिम आधार बसवतात. त्याने दोन्ही प्रश्न एकदम सुटू शकतात. विदेशी आधार फार महाग असतात. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी विकसित केलेला भारतीय आधार त्यामानाने स्वस्त आहे.

आता गोळ्यांविषयी. १९९८ साली सिल्डेनाफिल हे औषध बाजारात आले आणि ताठरतेच्या उपचारात मोठा बदल झाला. ते गाठ घालवत नाही, पण रक्तपुरवठा सुधारते. गाठ असूनही अनेकांना त्याचा उपयोग होतो. मात्र छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी किंवा त्या जातीची औषधे जे घेतात, त्यांनी ही गोळी घ्यायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब इतका उतरू शकतो की जिवावर बेतते. म्हणून मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.

आणि एक तातडीची गोष्ट. संभोगाच्या वेळी ‘कट्ट’ असा आवाज होऊन लगेच ताठरता गेली, सूज आली, लिंग काळेनिळे पडले, तर रात्र असो की पहाट, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा. आवरण फाटलेले असते. ते वेळेवर शिवले तर पुढचा बाक आणि पुढची कमजोरी पुष्कळदा टळते.

भिंतीवरच्या जाहिराती

बसस्थानकाच्या मागच्या भिंती, रस्त्याकडेचे तंबू, जत्रेतली दुकाने, सगळीकडे एकच आश्वासन लिहिलेले असते. सात दिवसांत फरक, नाही तर पैसे परत. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हा कायदा माझ्या रुग्णांपैकी कुणाला माहीत नसतो, भिंत रंगवणाऱ्याला मात्र माहीत असतो. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चूर्णांत सिल्डेनाफिल मिसळल्याचे जगभरच्या औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. म्हणजे हृदयरोग्याला कळतही नाही की आपण काय गिळतो आहोत. तेल लावून जोराने चोळण्याचे सल्लेही मिळतात. ज्या आवरणाला इजा झाली आहे, तेच पुन्हा चोळायचे, मुरगळायचे, यापरते वाईट ते काय?

पैसे जातात ते वेगळेच. सोयाबीनचे पैसे हातात आले की त्यातले काही हजार गुपचूप इकडे वळतात. घरात हिशेब लागत नाही, भांडण होते, भांडणाचे कारणही सांगता येत नाही.

माझ्या माताभगिनींना

इथपर्यंत ऐकणाऱ्या माझ्या माताभगिनींना दोन शब्द. नवरा अचानक दूर राहू लागला, चिडचिड करू लागला, तर बाईच्या मनात पहिली शंका दुसरीच येते. तशी शंका घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कधी कधी त्यामागे हेच दुखणे असते. तो तुमच्यावर रागावलेला नसतो, स्वतःवर रागावलेला असतो. विचारताना ‘तुम्हाला काय झालंय?’ असे अंगावर जाऊन विचारू नका. ‘दुखतं का काही? मी येते डॉक्टरांकडे,’ एवढे म्हणा. जोडीने आलेल्या रुग्णांचे उपचार सोपे जातात, असा माझा अनुभव आहे.

आपल्या गावात बाळंतपणाची चौकशी करायला आशाताई येतात. जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून भारतवैद्य म्हणून उभे केले. बायकांच्या आरोग्याविषयी गावात बोलणे सुरू झाले, ते अशा कामांमुळे. पन्नाशीच्या पुरुषाने मात्र आपले हे दुखणे कुणाला सांगायचे? आशाताईंना तो सांगणार नाही. पारावर सांगितले तर थट्टा होईल. म्हणून माझी आरोग्य खात्याला आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा कागद भरताना पुरुषाला एक प्रश्न आपणहून विचारावा, ‘ताठरतेची काही तक्रार? गाठ, बाक?’ विचारायला अर्धा मिनिट लागतो. ज्याला सांगायचे आहे, तो त्या प्रश्नाची वाट पाहत असतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली निधन होईपर्यंत ते चालवले. लोक त्यांना लैंगिक शंका विचारत आणि ते सरळ मराठीत उत्तरे देत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. या विषयावर मराठीत प्रश्न विचारता यावा म्हणून एवढ्या मोठ्या माणसांनी कोर्टाची पायरी चढली. आज आपल्यावर कुणी खटला भरणार नाही. डॉक्टरच्या बंद खोलीत एक वाक्य बोलायचे, एवढेच आपल्याला करायचे आहे.

जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२२ साली ते सुरू झाले. सोलापूर आणि लातूरही आपल्याला जवळच आहेत. तिथपर्यंत जाण्याची गरज पडेलच असे नाही. आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. साखर, रक्तदाब तपासून घ्या. तंबाखू सोडा. गाठ किती महिन्यांपासून आहे, दुखते का, बाक कुठल्या बाजूला आहे आणि ताठरता पूर्वीच्या मानाने कशी आहे, या चारही गोष्टी सांगा. एकही गाळू नका. आणि कंबर दुखते म्हणून सुरुवात न करता, खुर्चीवर बसल्याबसल्या पहिलेच वाक्य हे बोला. दाराकडे जाता जाता विचारलेल्या प्रश्नाला आम्ही उत्तर देतोच, पण बसून विचारलेल्या प्रश्नाला ते जास्त नीट देता येते.